न लागलेलं दही

मी दूधवाल्याची अख्खी कॅन नालीत ओतली, हे सारी गल्ली सांगत फिरते. तो काय बोलला, ते कोनी सांगत नाई. तुमी ऐका.

माह्या पोराले तापात अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, तवापासून त्याचं पोट काई ठिकानावर येईना. डॉक्टरीनबाई म्हनल्या, "गोळ्यांनी पोटातले चांगले जंतू बी मेले. तेच तं पोट सांभाळतात. आता त्याले घरचं ताजं दही खाऊ घाला."

मी रोज रात्री विरजन लावलं, अन् रोज सकाळी पातेल्यात दुधाचं दूधच! सासूबाईनं लगेच ठरवलं, "तुह्या हाताचं दहीच लागत नाई." शेजारनीचं विरजन आनलं, पातेलं बदललं, तरी तेच.

शेवटी बडनेऱ्याहून येनाऱ्या दूधवाल्याले, गजूभाऊले, दारातच अडवलं. "काहून जी, दुधात काय टाकून राह्यले तुमी?"

"पान्याचा थेंब नाई, वहिनी! म्हशीची कास सुजली, तं अँटिबायोटिकचे इंजेक्शन चालू हायेत. ते उतरते दुधात. दही नाई लागत, पन चहा मस्त होते."

म्हंजे दह्यातले जंतू यानंच मारले! अन् ज्या औषधानं पोराचं पोट बिघडलं, तसलंच औषध मी रोज गिलासभर दुधातून त्याले पाजून राह्यली होती! डोकं सनकलं माहं. तरी शांतपने इचारलं, "अन् तुमची पोरं कोनतं दूध पेतात?"

"आमी तं पाकिटाचं आनतो ना, वहिनी. म्हैस बरी होईपर्यंत."