बिबड्यांवरचा भुसा

हसू नका गं, पण आमच्या घरातला भुसा बाहेर घालवायची युक्ती माझी! ह्यांना सुतारकामाचा भारी नाद. करवत चालली की पाळण्यातलं बाळ खोकायचं आणि माझा जीव खालीवर व्हायचा. शेवटी होती नव्हती ती विद्या पणाला लावून मी लोहाराचा जुना भाता मागवला आणि त्याचं तोंड खिडकीकडे करून हे कापत त्या फळीमागे बसवला. ह्यांनी करवत ओढली, मी भाता दाबला आणि भुसा भस्सकन बाहेर! मी टाळ्याच पिटल्या. मग आठवलं, खिडकीखाली सासूबाईंच्या ज्वारीच्या ओल्या बिबड्या, म्हणजे पापडच, वाळत होत्या!

सासूबाई तरातरा आत आल्या, पाळण्यात डोकावल्या.

"मन्हा नातू खोकलना का?"

"नाही, आत्याबाई."

"मंग त्या बिबड्या तळीसन तुन्हा नवराले वाढ. भुसा त्यानाच शे!"