पिशवीपाशी कोण?

थोरली : तू जा. मी बसते पिशवीपाशी.

धाकटी : अहो वहिनी, आता तुमची पाळी. भुताच्या बंगल्यात मी मघाशीच जाऊन आले.

थोरली : काय होतं आत?

धाकटी : काळोख. आणि एक हाडांचा सापळा होता, तो एकदम अंगावर धावून येतो. मी इतक्या जोरात ओरडले, की सापळाच दचकून दोन पावलं मागे गेला. आत कुणीतरी पोरगा असेल बिचारा. मग मीच त्याला म्हटलं, असू दे, चालू दे तुझं.

थोरली : झालं तर. सापळ्याला घाबरवायला तू एकटी पुरेशी आहेस. मला कशाला पाठवतेस?

धाकटी : असं चालायचं नाही. तुमच्या लेकीनं एवढ्या हौसेनं आपल्या दोघींना बोटीच्या सहलीला पाठवलं. बोट या बंदरात एकच दिवस थांबणार, त्यात हे एवढं मोठं थीम पार्क. उद्या ती विचारेल, आई, काय काय केलंस? तर तुम्ही काय सांगणार, पिशवी सांभाळली?

थोरली : पिशवीत काय आहे ठाऊक आहे ना तुला? गोळ्या, दोघींचे जवळचे चष्मे, शाली, छत्री, बोटीची कार्डं. कार्डं गेली तर बोटीवर पाय ठेवू देणार नाहीत. मग राहू इथेच तुझ्या सापळ्याच्या शेजारी.

धाकटी : म्हणून तर एकीनं बसायचं. पण आळीपाळीनं! उठा बघू. ती समोरची होडी आहे ना, पाण्यातली, तिच्यात बसून या. वर वर नेते आणि धपकन खाली सोडते.

थोरली : या वयात मला कुणी वर नेऊन खाली सोडायची गरज नाही.

धाकटी : सकाळी न्याहारीला शेजारच्या टेबलावरच्या बाई काय म्हणाल्या? तुम्ही दोघी बहिणी का? मी म्हटलं, नाही हो, जावा आहोत. त्यांचा विश्वासच बसेना. म्हणे जावा कधी एका खोलीत राहतात का, तेही एवढे दिवस?

थोरली : त्यांना सांगायचं होतंस, एका स्वयंपाकघरात उभा जन्म काढला, खोलीचं काय घेऊन बसलात. तुझा फोन वाजतोय.

धाकटी : वाजू दे.

थोरली : सकाळपासून वाजतोय. लेकाचाच ना?

धाकटी : हो.

थोरली : मग घे की.

धाकटी : घेतला की तो विचारणार, काय ठरलं. आणि माझं काही ठरलेलं नाही.

थोरली : त्यात ठरवायचंय काय? सुनेचे दिवस भरत आले. लेक म्हणतो, आई, आता इकडेच राहायला ये. हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

धाकटी : तुम्हाला कुणी सांगितलं?

थोरली : तूच. आपण हळू बोलतो असा तुझा एक गोड गैरसमज आहे. काल न्हाणीघराचं दार लावून बोलत होतीस, शब्द न् शब्द बाहेर येत होता. आज काय ते सांगते म्हणालीस ना त्याला?

धाकटी : उद्यापासून बोट भर समुद्रात. फोन लागायचा नाही. त्याला माझं तिकीट काढायचंय, नाहीतर बाळासाठी एखादी बाई शोधून ठेवायचीय. त्याचंही बरोबरच आहे म्हणा.

थोरली : मग पाचला बोट सुटते. त्याच्या आत सांगून टाक.

धाकटी : तुम्ही आधी होडीत बसून या.

थोरली : विषय बदलू नकोस.

धाकटी : भिजून आलात की बोलू. अगदी शपथ.

थोरली : बरं. पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून बस. आणि तो मघाचा फुगेवाला आला तर त्याच्याशी गप्पा मारत बसू नकोस. त्याला तुझी भाषा येत नाही, हे तुझ्या लक्षातच येत नाही.

(थोड्या वेळानं, त्याच बाकावर.)

धाकटी : अगं बाई! केवढ्या भिजलात! ही शाल घ्या आधी. कसं होतं?

थोरली : वर गेलं की क्षणभर सगळं बंदर दिसतं. आपली बोटसुद्धा. छान वाटतं. मग आपण खाली येतो आणि पोट वरच राहतं.

धाकटी : ओरडलात?

थोरली : मी कशाला ओरडू?

धाकटी : इथपर्यंत ऐकू आलं.

थोरली : दुसरं कुणी असेल.

धाकटी : "मेल्यांनो, थांबवा" असं इथे दुसरं कोण ओरडणार?

थोरली : जा आता. तुझी पाळी. ओले केस घेऊन मी बसते.

धाकटी : जातेच. पळत जाते, रांग लहान आहे तोवर.

(पुन्हा थोड्या वेळानं.)

धाकटी : वहिनी! ओ वहिनी! इकडे या, पिशवी घेऊन या!

थोरली : काय झालं? पडलीस का?

धाकटी : नाही हो. ही खिडकी बघा. होडी घसरताना फोटो निघतो आपोआप, तो इथे दाखवतात. या तुम्ही.

थोरली : ही मी? काय हे तोंड! दाताच्या डॉक्टरपुढेही मी एवढं उघडत नाही.

धाकटी : आणि ही मी. एवढ्या उंच नेलं आणि मी डोळे मिटून बसले. काही म्हणजे काही पाहिलं नाही.

थोरली : एका बाकावर दोघं बसतात वाटतं.

धाकटी : हो ना. माझ्या शेजारी कुणी नव्हतं. मी आपली मधोमध ऐसपैस.

थोरली : माझ्याही शेजारी कुणी नाही. बाकीच्यांचे बघ. नवरा-बायको. बाप-लेक. त्या दोन पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्यात. आणि मग आपण. तू एकटी, मी एकटी.

धाकटी : वहिनी, आपण सकाळपासून हेच करतोय.

थोरली : काय?

धाकटी : घोड्यांवर मी बसले, तुम्ही पिशवीपाशी. आगगाडीत तुम्ही फिरून आलात, मी पिशवीपाशी. एका कशात म्हणून दोघी मिळून बसलो नाही. एवढा समुद्र ओलांडून बरोबर आलो आणि इथे काय करतोय? बाकावर बसून एकमेकींना हकिगती सांगतोय.

थोरली : सवय गं. दुसरं काय. तू लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून एक बाहेर, तर एक घरात. सासूबाईंना एकटं ठेवायचं नाही. मग मामंजींना. मग पोरांना.

धाकटी : सिनेमाला मी दुपारच्या खेळाला, तुम्ही संध्याकाळच्या.

थोरली : आणि दाराशी मी चपला घालत असताना तू शेवट सांगून टाकायचीस.

धाकटी : मला राहवायचं नाही! नायिका मरणार हे माहीत असून तुम्हाला हसत हसत कसं पाठवायचं?

थोरली : तुझ्या लेकाच्या लग्नातसुद्धा मी सामानाच्या खोलीला पहारा देत होते. बाहेर आले तेव्हा खुर्च्या उचलायला लागले होते.

धाकटी : ते मला अजून टोचतं. मी कुणाला तरी बसवायला हवं होतं तिथे.

थोरली : तू सांगितलं असतंस तरी मी उठले नसते. चल, बससाठी निघायला हवं. बंदरावर उशीर नको.

धाकटी : नाही.

थोरली : नाही काय?

धाकटी : अजून वेळ आहे. तो आकाशपाळणा आहे ना, त्याच्यात दोघींनी बसायचं. एकदम. शेजारी शेजारी.

थोरली : आणि पिशवी?

धाकटी : बरोबर घेऊ.

थोरली : पिशवी नेऊ देत नाहीत, पाटीवर चित्र काढून फुली मारलीय बघ. तिकडे सामान ठेवायचे कप्पे आहेत, पण त्यांची दारं कशी उघडायची हे एका पोराला विचारलं, त्यालाही ठाऊक नव्हतं.

धाकटी : मग त्या सशाकडे देऊ.

थोरली : कुठल्या?

धाकटी : तो काय, सशाचा पोशाख घालून मुलांबरोबर फोटो काढतोय. पार्कचाच माणूस आहे. एवढे मोठे कान लावून पिशवी घेऊन कुठे पळणार?

थोरली : तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?

धाकटी : कार्डं आणि माझा फोन काढून घ्या, मी कमरेला खोचते. गोळ्या आणि शाली गेल्या तर गेल्या. अहो ससेदादा! ही, ही, धरा. आम्ही दोघी, वर. मग खाली. मग पिशवी परत. समजलं? बघा, मान हलवली.

थोरली : त्याचं डोकं एवढं जड आहे, ते आपोआप हलतंय.

(आकाशपाळण्यात.)

धाकटी : सुरू झालं! वहिनी, माझा हात धरा.

थोरली : तूच माझा धरलायस, केव्हाचा. आणि डोळे उघड.

धाकटी : उघडते. अजून थोडं वर जाऊ दे.

थोरली : वर गेल्यावर मिटायचे असतात, तू उलटं करतेस. बघ, ससा दिसतोय. आपली पिशवी काखेत घेऊन फोटो काढतोय. त्या कुटुंबाच्या फोटोत आपली छत्री गेली.

धाकटी : हसवू नका, पाळणा हलतो.

थोरली : बोटीवर बोलू म्हणू नकोस आता. इथून तू कुठे पळणार नाहीस. लेकाला काय सांगणार आहेस?

धाकटी : तुम्ही सांगा.

थोरली : मी कोण सांगणार? बोलावणं तुला आहे.

धाकटी : दोघींना आहे.

थोरली : काय?

धाकटी : तो पहिल्यापासून दोघींना बोलावतोय. मोठ्या आईला घेऊनच ये म्हणतो. सुनेनं तर मागची खोली रिकामी करून दोन पलंग मांडलेसुद्धा.

थोरली : पण काल तू म्हणत होतीस, "मला एकटीलाच यावं लागेल."

धाकटी : ते त्याला दिलेलं उत्तर होतं. तुम्हाला माझंच ऐकू येत होतं ना, त्याचं कुठे येत होतं?

थोरली : मला न विचारता माझा नकार तू कळवून टाकलास?

धाकटी : विचारून काय झालं असतं? तुम्ही म्हणाला असतात, तू जा, मी बसते घरी. आजवर दुसरं काय म्हणालात? मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. तुम्ही तसं म्हटलं की मग मी एकटीनं जायचं, नाहीतर बाळाला न बघता राहायचं. मला दोन्ही नको होतं. म्हणून फोनच घेत नव्हते.

थोरली : आणि मी काल रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मनात म्हटलं, ज्याला मांडीवर वाढवलं, त्याला मोठी आई एकदाही आठवली नाही. फार वाईट वाटलं गं मला. फार.

धाकटी : वहिनी...

थोरली : रडू नकोस. शाली सशाकडे आहेत, डोळे पुसायलाही काही नाही.

धाकटी : चुकलंच माझं.

थोरली : माझंही. पण तिथे जाऊन मी काय करणार? परक्या गावात दोन म्हाताऱ्या, एक तान्हं पोर. कोण कुणाला सांभाळणार?

धाकटी : बाळापाशी आळीपाळीनं बसू. बाकी सगळीकडे दोघी मिळून जाऊ.

थोरली : बाळापाशीही दोघी बसू. तुला एकटीला ठेवलं तर तू त्याच्याशी बोलून बोलून त्याला झोपू द्यायची नाहीस.

धाकटी : आलो बघा अगदी वर. थांबला पाळणा.

थोरली : ती आपली बोट. केवढीशी दिसते. आणि तुझा फोन वाजतोय.

धाकटी : काय सांगू त्याला?

थोरली : मला अजून विचारलंयस कुठे?

धाकटी : वहिनी, माझ्याबरोबर येता?

थोरली : आणि घर?

धाकटी : आता घरात कोण आहे आपल्याशिवाय? बंद करू.

थोरली : बंद? अगं, या सहलीसाठीसुद्धा आपण शेजारणीला घरात झोपायला सांगून आलोय. त्या घराला कधी कुलूप लागलेलं नाही.

धाकटी : कधी लागलं नाही, कारण आपण दोघी कधी एकदम बाहेर पडलो नाही.

थोरली : आपल्याकडे कुलूप आहे तरी का?

धाकटी : नाही. कडी आहे फक्त.

थोरली : फोन घे. येतो म्हणावं. आणि बंदराच्या वाटेवर एखादं दुकान दिसलं तर थांबव मला. कुलूप घेऊ, चांगलं दणकट. दोन किल्ल्यांचं.