चुळीचं पाणी

— बस गं, बस. बोलू नकोस, घसा आणखी खरवडेल. बातम्यांना अवकाश आहे, लाल दिवा लागेपर्यंत हा माइक मुका. आ कर बघू — अरे देवा! पांढरे चट्टे, पार पडजिभेपर्यंत. आणि आवाज? गंजलेली बिजागरी बरी. अख्खं रेडिओ केंद्र तुला कोकिळा म्हणायचं ना? सकाळी साहेबांनी मला बोलावलं, म्हणाले, ताई, संध्याकाळच्या बातम्या परत तुम्हीच वाचा. तुम्हीच! जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू.

डॉक्टर काय म्हणाले? — चूळ? हो गं, एवढंच. पंप ओढला की खळखळून चूळ भरायची आणि थुंकायची. दम्याचं ते ब्युडेसोनाइड छातीत हवं, तोंडात रेंगाळलं की बुरशी धरते. मला नाही ठाऊक असणार? मीही तेच घेत होते की — तू पंपातून, मी कॅप्सूलमधून. औषध एकच, उतरायचं ठिकाण वेगळं. तुझ्या श्वासनळीला सूज, माझ्या आतड्याला. बहिणी-बहिणीच म्हण! तू रोज स्टुडिओच्या दाराशी पंप ओढायचीस आणि तशीच माइकसमोर बसायचीस. आपल्या धंद्यात वाचायच्या आधी गार पाण्याला कोण शिवतं? त्यात तुझी काय चूक? आणि तू मला विचारलंस, तेव्हा मी तरी काय म्हणाले — पाणी नको गं, औषध धुऊन जाईल —

नाही, म्हणजे तसं नाही... बरं, म्हणाले. म्हणाले! मुद्दाम म्हणाले. डोळे काय वटारतेस? रोज तुझा आवाज बसत गेला आणि मी काचेपलीकडून कान लावून ऐकत होते.

आणि तो दिवस विसरलीस? थेट बातम्या चालू, माझ्या पोटात कळ आली. मी कागद तुझ्यापुढे सरकवले, खूण केली — पुढचं वाच. तू शेजारच्याच खुर्चीत. नुसती बघत राहिलीस. मी धावत सुटले आणि मागे शुकशुकाट — सगळ्या गावानं ऐकला तो. वर साहेबांपुढे काय म्हणालीस? ‘ताईंच्या पोटाचा भरवसा नाही.’ खुर्ची तुला, मला दुपारचं हवामान. जिन्यात लोक हसायचे, घरी नवरासुद्धा हसला. लाजेनं मेले मी. पण म्हटलं, थांब, शेरास सव्वाशेर भेटतोच.

आता मी ठणठणीत आहे. कॅप्सूलसुद्धा सोडल्या, डॉक्टरांना न विचारताच — साहेबांना काय, औषधांवर जगणारी बाई दाखवू? तू घरी जा, डॉक्टरांनी दिलंय ते लाव, चुळा भर. चट्टे जातील, आवाजही येईल. खुर्ची नाही यायची. ऊठ आता. आणि दार हळू लाव, मला वाचायचंय.

— थांब. काही नाही, जरा कळ... जाईल. अगं, जाऊ नकोस ना, थांब. दिवा लागला का? लागला. हे — हे कागद धर. बस इथे. वाच. वरून वाच. अगं, बोल ना काहीतरी —