आठ पिल्लं आणि एक न फुटलेलं अंडं

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले दादा, तुम्हीसुद्धा हात आवरा. आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे.

बोट दाखवायला किती हात लागतात? — एक! आणि हात जोडायला? — दोन! शाबास, एवढं तरी येतंय. मग मला सांगा, बोट दाखवताना जो हात कोयत्यासारखा सपकन निघतो, त्याला जोडायच्या वेळेला जोडीदार का मिळत नाही? दुसरा हात नेमका तेव्हा कुठं जातो?

सांगा की! आता कशी सगळ्यांची जीभ टाळूला चिकटली?

मी बाई चौथी नापास. पोथ्यापुराणातले दाखले तुम्हाला कालच्या बुवांनी दिले, उद्याचे बुवा देतील. मी दाखला देणार टर्कीचा! — हसू नका. मोर कार्तिकस्वामीनं नेला, हंस सरस्वतीनं नेला, गणपतीबाप्पानं तर उंदीरसुद्धा सोडला नाही. उरला हा बिचारा टर्की. त्याला कुणी वाहन म्हणून घेईना, तो आला माझ्या आख्यानात.

तर वारणेच्या काठाला एक गाव. त्या गावात हौसाक्का नावाची बाई. — काय गं, तिसऱ्या रांगेतले पदर तोंडाला का गेले? ऐका गुमान!

हौसाक्काला तीन सुना, सात नातवंडं, आणि जिभेला धार अशी की त्या घरात विळी नसती तरी भाजी चिरली गेली असती! सकाळी दारात उभी राहिली की वाटेनं जाणारा माणूस आपलं काय चुकलं ते आठवत जायचा. तिच्या थोरल्या लेकानं प्रदर्शनातून टर्की आणले. एक नर, दोन माद्या. नर म्हणजे काय रुबाब! पिसारा फुलवायचा, छाती काढायची, आणि अंगणात अशा फेऱ्या घालायचा, जणू पाणीयोजनेचं उद्घाटन यानंच केलंय. हौसाक्कानं त्याचं नाव ठेवलं — सरपंच! (खरे सरपंच पुढंच बसलेत. रागावू नका अण्णा, तुमच्याआधी तो रागावला होता.)

त्या पक्ष्याच्या दोन खोडी ध्यानात ठेवा. एक म्हणजे, कुठं मोठा आवाज झाला की हा ओ देणारच. कुकरची शिट्टी झाली — गुडगुडगुड! एसटीचा हॉर्न वाजला — गुडगुडगुड! काय झालं, कशाचं झालं, विचार नाही; ओरडायचं! अशी माणसं तुमच्या बघण्यात आहेत का? — इकडं तिकडं बघू नका, सरळ बघा.

दुसरी खोड, त्याच्या डोक्यावर पिसं नाहीत. नुसती कातडी. आणि पोटात जे चाललंय ते सगळं त्या कातडीवर! खवळला — लालभडक. घाबरला — फिका. माद्यांपुढं मिरवायला लागला की निळा काय, पांढरा काय! लपवणं नाही. देवानं माणसाला केस दिले, पदर दिला, फेटा दिला. का दिला, ते कळेल पुढं.

आता हौसाक्काच्या शेजारी, कुंपणापलीकडं, मालन. नवरा लौकर गेलेला. बाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, अंड्याच्या दिवशी अंडी उकडायची. त्या कामावर तिची चूल, आणि त्या कामाचाच मान. गल्लीतली पोरं तिला ‘मावशी’ म्हणत धावत यायची. हौसाक्काचं बघून तिनंही आठवडी बाजारातून टर्कीची एक मादी आणली. एकच! नर नाही.

दोनेक महिन्यांनी बघावं तर काय — डालग्याखालनं सात पिल्लं चिवचिवत बाहेर!

हौसाक्कानं कुंपणावरनं बघितलं. डोकं फिरलं! तिच्या स्वतःच्या माद्या महिनाभर अंडी देत नव्हत्या. म्हणजे देत असणार, पण मिळत नव्हती. इकडं अंडी गायब, तिकडं नराशिवाय पिल्लं! तुम्ही असता तर काय म्हणाला असता? — हां! तेच ती म्हणाली.

पण कुठं म्हणाली? कुंपणापाशी? नाही. गेल्या साली याच सप्त्यात, असंच देऊळ भरलेलं, काल्याचा दिवस, अन् महाप्रसाद सांगायला हौसाक्काच्या हातात माईक! मालन मोठं पातेलं घेऊन पंगतीत आमटी वाढत होती. हौसाक्का माईकमधनं म्हणाली,

“प्रसाद घेऊन जावा मंडळी, आणि जाता जाता चमत्कारही बघून जावा! आमच्या मालनीच्या मादीला बिननवऱ्याची सात पोरं झाली! देवाची करणी म्हणायची, का माझ्या परड्यातली अंडी?”

सगळं देऊळ हसलं. भोंगा तीन वाड्यांवर ऐकू जातो, तिथंही हसले. आणि त्या भोंग्याला लांबनं हौसाक्काच्या अंगणातनं ओ आली — गुडगुडगुड! कुणीतरी ओरडलं, “सरपंचानं साक्ष दिली!” मग तर आमटी सांडेस्तोवर हसले.

मालननं पातेलं खाली ठेवलं. “आक्का,” ती म्हणाली, “अंडं न अंडं माझ्या मादीचं हाय.”

“मग नर कुठाय गं?”

नराशिवाय पिल्लं कशी झाली, ते तिलाच ठाऊक नव्हतं. पदरानं हात पुसले आणि गेली.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या कमिटीनं तिला सांगितलं, “चौकशी होईस्तोवर घरी थांब.” अंडीचोर बाई पोरांची अंडी कशी शिजवणार? चौकशी झाली का? — कमिटीवाले पुढच्याच सतरंजीवर आहेत, मी विचारत नाही. दुसरी बाई आली. आणि पोरं मालनला मावशी म्हणायच्याऐवजी लांबनं म्हणायला लागली — गुडगुडगुड!

पंधरा दिवसांनी जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले. हौसाक्कानं मोठ्या तोऱ्यात ती चमत्काराची गोष्ट सांगितली. डॉक्टर हसलेच नाहीत.

“आक्का, ती मादी बाजारातली ना? तिथं नर होता ना तिच्यासंगं? टर्कीची मादी एकदा नरासंगं राहिली की पुढं महिना-दोन महिने पिल्लं निघतील अशी अंडी देते. नर लागत नाही.”

“मग माझी अंडी कुठं गेली?”

“ही रानातली जात. रानात झाडीत, पाल्याखाली अंडी लपवते. पाळली म्हणून खोड जात नाही. तुमची कडब्याची गंजी बघितली का मागनं?”

आणि डॉक्टर बोलतच सुटले. भला माणूस. म्हणाले, हा पक्षी अमेरिकेचा. पण इंग्रज म्हणाला तुर्कांचा, तुर्क म्हणाला हिंदुस्थानचा, पोर्तुगीज म्हणाला पेरू देशाचा. ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या दारात ढकलला! लोक सांगतात, पाऊस बघत तोंड वर करून उभा राहतो आणि बुडून मरतो. ती म्हणे थाप आहे. एकानं सांगितली, बाकीच्यांनी ओ दिली. रानातला टर्की एसटीला मागं टाकील असा उडतो, रात्री झाडावर झोपतो. आणि फार्मातला खाऊन खाऊन एवढा जड, की कुंपणसुद्धा ओलांडता येत नाही.

मंडळी, चहाडी ही रानातली टर्की. तीन वाड्या एका झेपेत! आणि माफी? माफी आपल्या फार्मातली. मधलं एक कुंपण, तेवढंही तिला जमत नाही.

डॉक्टर गेल्यावर हौसाक्का गंजीमागं गेली. एकटीच गेली, सुनांना हाक मारली नाही. कडबा बाजूला केला. अकरा अंडी! थंडगार. महिनाभराची.

सरपंच तिथंच उभा होता, मान वाकडी करून बघत. हौसाक्काच्या तोंडावरचा रंग गेला असणार. पण टर्कीचा दिसतो तसा बाईचा दिसत नाही, वर पदर असतो! तिनं पदर पुढं ओढला. अकरा अंडी ओच्यात घेतली. आणि कुठं गेली? मालनीकडं? देवळात? कमिटीकडं?

उकिरड्यावर गेली. एका हातानं ओचा धरला, दुसऱ्या हातानं शेण उकरलं, आणि अकराच्या अकरा अंडी पुरली.

कळलं आता, दुसरा हात कुठं जातो ते?

हसा की! का हसत नाही?

आणि मग आठ महिने गप्प. मालन पाण्याला निघाली की हौसाक्का घरात. मालन पिठाच्या गिरणीत, तर हौसाक्काला अचानक उद्या पीठ लागायचं. बोट दाखवताना जिला सारं गाव कमी पडलं, तिला आता एक गल्ली पार करवेना!

पुढं एक दिवस भर दुपारी कुत्र्यांनी हौसाक्काची अंड्यांवर बसलेली मादी फाडली. नऊ अंडी उघड्यावर, अजून गरम. दुसरी मादी जवळ जाईना. हौसाक्का नुसती उभी. तेवढ्यात कुंपण वाजलं. मालन! खाली बसली, नऊ अंडी पदरात घेतली, आणि जाताना हौसाक्काच्या डोळ्यांपुढं एकेक करून मोजली. टर्कीची मादी परकं अंडंही उबवते, कोंबडीचं म्हणू नका, बदकाचं म्हणू नका. पोटाखाली आलं ते तिचं. मालननं ती आपल्या मादीखाली ठेवली.

तीन आठवड्यांनी ती हौसाक्काच्या मागल्या दाराशी आली. हातात डालगं.

“आक्का, नऊ नेली होती. ही आठ पिल्लं.”

मग कंबरेचा पदर सोडला. फडक्यात गुंडाळलेलं एक अंडं काढलं, आणि उंबऱ्यावर ठेवलं.

“हे फुटलं न्हाई. तेवढंबी आणलंय. मोजून घ्या.”

मंडळी, कुणी तोंडात मारली असती तर हौसाक्कानं चार परत दिल्या असत्या. कुणी शिवी दिली असती तर सात पिढ्या काढल्या असत्या. पण त्या एका अंड्याला काय उत्तर द्यायचं? ती उंबऱ्यातच बसली. म्हणाली, “मालने, माझी अंडी माझ्याच गंजीमागं होती. मला केव्हाच कळलं होतं गं. मी पुरली. चुकले.”

पिल्लं हाताखालनं निसटत होती, ती मालन एकेक धरून डालग्यात घालत राहिली. मग म्हणाली,

“आक्का, चोर म्हणालात तवा माईक होता. माफी मागताना मागलं दार?”

आणि गेली.

बस. आख्यान इथं संपलं. पुढचं पुराणात नाही.

हौसाक्का कोण, हे गावाला सांगायला नको, तिसऱ्या रांगेनं केव्हाच ओळखलंय. पाहुण्यांसाठी सांगते. ती ही. तुमच्यापुढं गळ्यात हार घालून, कपाळाला बुक्का लावून उभी आहे ती! भोंगा चालू आहे ना रे? वाढव आवाज. तीन वाड्यांवर जाऊ दे. मालननं एकही अंडं चोरलं नव्हतं. चोरी हौसाबाईनं केली. त्या बाईची अब्रू चोरली, आणि पुरावा शेणात पुरला.

आता तुम्ही. मी एकटी बोलले, पण हसलं कोण? त्या दिवशी मला कुणी म्हणालं, “आक्का, माईक खाली ठेव”? एकानं तरी? सगळ्यांनी ओ दिली, गुडगुडगुड! कमिटीवाल्यांनो, मी तोंडानं घालवलं ते तिचं काम तुम्ही उद्या सही करून परत द्या. मी येऊन दारात बसते. आणि आयांनो, पोरांना आज घरी नेऊन शिकवा, तिला काय म्हणून हाक मारायची.

आज कीर्तन झाल्यावर माझ्या पाया कुणी पडायचं नाही. ती बघा, खांबामागं, चपलांच्या कडेला बसलीय. ये म्हणाले होते, आली. पुढं बसणार नाही म्हणाली, बसली नाही.

जरा सरका. वाट द्या. गुडघे दुखतात माझे, पण तिथवर जाईन.

आणि या चिपळ्या धर गं कुणीतरी. मला आता दोन्ही हात लागणार आहेत.