कापलेल्या बाहीची थप्पड

...आणि वर मलाच विचारतात, "कर्टिस, दुखतंय का रे अजून?" अहो, गाल केव्हाच बरा झाला, डोकं दुखतंय! तुम्हाला सांगतो, थप्पड मला बसली, पण झोप उडाली सगळ्या गावाची!

झालं काय, चर्चच्या हॉलमध्ये दोन्या ओफेलियाच्या (दोन्या म्हणजे आपल्याकडच्या बाईसाहेब) नातीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या नाचाची तालीम चाललेली, आणि म्हातारीची शुगर उतरली, धाडकन खाली! आम्ही ॲम्ब्युलन्स घेऊन हजर. ब्लाउजची बाही ही एवढी घट्ट, रक्तदाबाचा पट्टा चढेना, आणि आमचा शिरस्ता कसा, कपडा आड आला की काप! कापली मी... मनगटापासून खांद्यापर्यंत, चर्र! मला काय माहीत, त्या बाहीवरची फुलं तिनं वर्षभर डोळे फोडून भरलेली? तोंडात साखर गेली, म्हातारीनं डोळे उघडले, आधी बाही बघितली, मग कात्री, मग मला... फाड्!

आणि नेमका त्याच आठवड्यात टीव्हीवर कायद्याचा मसुदा! नागरिक नसलेल्यानं पोलिसावर, आगवाल्यावर, ॲम्ब्युलन्सवाल्यावर हात टाकला की देशाबाहेर! अजून पास नाही हो, नुसता मांडलाय! पण आमच्या टेक्सासच्या गावाला तेवढा दम कुठला? दोन्या इथं राहून म्हातारी झाली, पण आहे अजून ग्रीन कार्डावरच, नागरिक झालीच नाही. तिची मुलगी यादिरा तमालेंचं, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेल्या पिठाच्या वड्यांचं, पातेलं घेऊन आमच्या बंबाच्या स्टेशनवर आली, रडत रडत, "कर्टिसदादा, आईला पाठवतील का हो?" आता काय सांगू? मला दारुड्यांनी बाटल्या मारल्यात, त्यांचं काय करायचं ते करा, मी आड येत नाही! पण ही बाई? थप्पड मला बसली, पण काळजी लागली ती तिचीच. खरंच सांगतो.

आमचे कॅप्टन बेकेट म्हणजे नियम म्हणजे नियम. "तू ड्यूटीवर होतास. तिनं हात उचलला. वर कळवावं लागेल." म्हटलं, "कॅप्टन, शुगर उतरली की समोर कोण आहे ते माणसाला कळत नाही, शुद्धीत नव्हती बिचारी!" त्यांनी मिशी कुरवाळली, तमालेचं पान सोललं, एक घास घेतला. "शुद्धीत नव्हती... मग हल्ला कसला?" सुटलो!

कसला सुटतोय! दार ढकलून दोन्या स्वतः आत! "कोण म्हणतं शुद्धीत नव्हते? चांगली टक्क जागी होते मी! जाणूनबुजून मारली याला, आणि पुन्हा कात्री लावली तर पुन्हा मारीन!"

यादिरा आईला दंडाला धरून मागे ओढायला लागली. आणि कॅप्टन? उठले, बंबात चढले आणि सायरनच सुरू केला! "काय म्हणता आजी? ऐकू येत नाही! सायरन तपासतोय!" गाव दणाणलं, कुत्री भुंकायला लागली, म्हातारीचे ओठ हलतायत, कॅप्टन वरून मान डोलावतायत, आणि मी हसतोय की रडतोय, माझं मलाच कळेना!

कायद्याचं काय व्हायचं ते होवो, पण तो सायरन ऐकला आणि वाटलं, चालेल हो आपलं, निभेल. भोंगा थांबला तसा मी पुढे झालो. थप्पड मला बसली, पण माफी मीच मागितली! आणि तिनं केलं का माफ? मला बाकावर बसवलं, तो कापलेला ब्लाउज माझ्या मांडीवर टाकला आणि सुई हातात दिली. शनिवारी नातीचा नाच आहे... आणि बाईनं ही बाही आता तिसऱ्यांदा उसवायला लावलीय!