चुलीत न पेटलेली दारू

बायको गेल्यावर शहापूरच्या दवाखान्यात पहिल्यांदाच आलो होतो. शेजारी एक नवरा-बायको बसले होते.

"शेठनं काय बोलून दिली रे ती बाटली?"

"द्राक्षाची हाय, बोलला. स्वस्तातली, पण सात वर्सं ठेवलेली. तुला तर लय आवडली, वेणू."

"आवडली रे. पण उरलेली चुलीत टाकली, तर इस्तवच विझला. आपली मोहाची कशी भडकते."

"म्हणजे विषारीच असंल."

"डोळे जातात म्हणं अशानं."

"तू किती प्यायलीस?"

"तुझ्यापेक्षा जास्त. दोघं गेलो तर पोरीला कोण बघंल?"

"गप गो."

"मी दिसते ना तुला?"

"दिसतेस."

"मग बघत राहा. नंबर येईपर्यंत दुसरीकडं बघू नको."