महादूचं रक्त

शहापूरच्या दवाखान्यात कमळ नंबराची वाट बघत बसली होती. शेजारी दोन म्हातारे येऊन टेकले आणि बोलू लागले. कान झाकून कोण बसतं?

"तुला काय झालं, लखमा?"

"मला काय नाय. भावाच्या गोळ्या न्यायच्यात. महादूची किडनी दमलीय."

"कशावरून?"

"रक्तावरून. किडनी थकली का अंगातलं एक हार्मोन वाढतं, डॉक्टर सांगत होते. ते लई वाढलेलं निघालं."

"पण महादू तर भाताच्या लावणीत होता. रक्त द्यायला आला कधी?"

"तो कुठला येतो? तपासणीची चिठ्ठी त्याच्या नावाची आलेली, रक्त मीच दिलं."

"तुझं?"

"मग? श्रमदानाला घरटी एकच माणूस जातो ना? तसंच हे. सख्खा भाऊ, रक्त काय वेगळं असतंय?"

"नि गोळ्या कोण खातो?"

"महादूच. नाव त्याचं हाय ना. मीठ पण सोडलंय, बिचारा अळणी भात गिळतो."

"आता कसा हाय?"

"ठणठणीत."

"तुझ्या चपला हातात का रे?"

"पायात जात नाय. चालून पाय सुजलेत."

तेवढ्यात कमळचा नंबर पुकारला. ती लखमाला म्हणाली, "बाबा, माझ्या नंबरावर तुमी आत जा."

"नको गो बाय. मला कुठं काय झालंय?"